वलये पाहून करवत लावावी

वैशाखात ज्या दाराच्या फळ्यांमधल्या फटीतून अंगणातले ऊन घरात येते, तेच दार श्रावणात खांद्याने रेटल्याशिवाय उघडत नाही, हा विदर्भातल्या खेड्यांत घरोघरचा अनुभव आहे. दोष बहुधा वाढईच्या माथी मारला जातो. परंतु वाढईच्या हाती फळी येते तेव्हा तिचे बरेचसे भवितव्य ठरून गेलेले असते; ओंडक्यावर पहिली करवत कोणत्या बाजूने लागली आणि चिरलेले लाकूड पुढचे काही महिने कसे ठेवले गेले, या दोन गोष्टींनी ते ठरलेले असते. आमच्या घरच्या लहान आरा मशीनवर धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, साग, बाभूळ, कडुनिंब आणि आंबा चिरताना मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि त्यामागचे विज्ञान समजल्यावर कामाची पद्धत किती बदलते, हे स्वतः अनुभवले आहे.

आधी एक आवश्यक गोष्ट. शेतातला साग आपण लावलेला असला तरी तो तोडण्यासाठी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि यांत्रिक आरा मशीन चालवण्यासाठी वनविभागाचा परवाना लागतो. हे सोपस्कार पूर्ण झाल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

ओंडका मोजण्याची आपल्याकडची रीत सोपी आहे. मध्यभागी सुतळी गुंडाळून घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने 10 घनफूट भरतो. भूमितीच्या नियमाने त्याच ओंडक्यात प्रत्यक्षात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. म्हणजे मोजणीच्या रीतीतच साल, वाकडेपणा आणि कापणीतली घट यांसाठी एकवीस टक्क्यांहून अधिक सूट धरलेली असते. त्याच ओंडक्यातून जास्तीत जास्त मोठा चौकोनी सोट काढला तर तो जेमतेम 8 घनफुटांचा, सुमारे पावणेअकरा इंच रुंदीचा आणि तितक्याच जाडीचा निघतो. उरलेले लाकूड बाजूच्या सालवट फळ्यांत जाते, आणि त्यांतले काय वाचवायचे, हा चिरणाऱ्याच्या कौशल्याचा भाग असतो.

पात्याच्या जाडीचा हिशेब इथेच करावा. जुन्या गोल चकतीच्या करवतीने प्रत्येक कापात पाच-सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, तर लहान बँड सॉच्या अखंड पट्टीसारख्या पात्याने सुमारे दोनच मिलिमीटरचा. वरच्या सोटातून 28 मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढल्या तर चकतीने आठ निघतात आणि बँड सॉने नऊ. एका ओंडक्यामागे एक सागवानी फळी वाचणे ही शेतकऱ्याच्या घरात लहान गोष्ट नाही. बँड सॉचे पेटंट विल्यम न्यूबरी या इंग्रज कारागिराने 1808 मध्येच घेतले होते. पण पात्याची दोन टोके जोडून केलेला सांधा तेव्हा टिकत नसे, आणि चांगले पोलाद व सांधण्याची पक्की रीत हाती येईपर्यंत त्या कल्पनेला काही दशके थांबावे लागले.

आता लाकडाकडे वळू, कारण खरा विषय तोच आहे. लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेने रचलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांची मोळी. ताज्या ओंडक्यात पाणी दोन ठिकाणी असते: नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींत. ओंडका पडल्यावर पोकळीतले पाणी आधी निघून जाते, आणि ते जाताना लाकडाचे वजन घटले तरी आकार बदलत नाही. लाकडातले पाणी कोरड्या वजनाच्या सुमारे 28 ते 30 टक्क्यांवर येते, तेव्हा पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतींतले पाणी निघू लागते. आकसणे, वाकणे आणि तडकणे या साऱ्यांची सुरुवात याच टप्प्यावर होते. म्हणूनच तोडून महिनाभर पडलेला ओंडका जागच्या जागी दिसतो आणि लोकांना वाटते, लाकूड वाळले; प्रत्यक्षात त्याचे वाळणे अजून निम्मेही झालेले नसते.

हे आकसणे सगळीकडे सारखे नसते, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. भिंतींतले सेल्युलोजचे तंतू बहुतांशी उभे असल्यामुळे त्यांच्या मधले पाणी गेले की तंतू एकमेकांच्या जवळ येतात, पण त्यांची लांबी कमी होत नाही. त्यामुळे फळी लांबीत नगण्य आकसते. रुंदीत मात्र दिशेप्रमाणे फरक पडतो. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने साग पूर्ण वाळेपर्यंत सुमारे अडीच टक्के आकसतो, तर खोडातल्या वाढीच्या वलयाच्या कडेकडेने, म्हणजे परिघाच्या दिशेने, साडेपाच ते सहा टक्के. गाभ्याकडून सालीकडे आडव्या जाणाऱ्या पेशींचे पट्टे त्रिज्येच्या दिशेला आकसणे अडवून धरतात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण आहे. अखंड ओंडका वाळताना टोकाला गाभ्यापासून सालीपर्यंत उभी भेग जाते ती याच विषमतेमुळे: परिघाला जितके लहान व्हायचे असते, तितके त्रिज्या त्याला होऊ देत नाही, आणि शेवटी लाकूड फाटून आपली वाट काढते.

ओंडका मशीनवर चढवण्याआधी त्याचे कापलेले टोक ओल्या फडक्याने पुसून पाहावे. सागाच्या टोकावर वलये बोटाने मोजता येतील इतकी स्पष्ट उमटतात, कारण वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला त्याच्यात मोठ्या वाहिन्यांची रांग तयार होते. बाहेरच्या फिकट, पांढरट भागाला रसकाष्ठ म्हणतात. आतला सोनेरी-तपकिरी भाग मध्यकाष्ठाचा. सागाच्या मध्यकाष्ठात टेक्टोक्विनोनसारखी नैसर्गिक द्रव्ये असल्यामुळे उधई त्याला सहसा लागत नाही, पण हे संरक्षण रसकाष्ठाला नसते. शिवाय रसकाष्ठात साठलेला स्टार्च भुसा पाडणाऱ्या किड्यांना बोलावतो. सागाच्या दाराला कधी उधई लागत नाही, असे छातीठोकपणे सांगणारे लोक कडेला पांढरी पट्टी राहिलेली फळी वापरतात आणि मग लाकूड खोटे निघाले म्हणतात, याचे वाईट वाटते.

वलये टोकावर एककेंद्री नसतील, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ असतील, तर ते झाड उतारावर किंवा वाऱ्याच्या दाबाखाली कललेले वाढले, असे समजावे. अशा ओंडक्यातले लाकूड चिरताना ताणलेल्या दोरीसारखे वागते. निलगिरीत हा ताण फार मोठा असतो. तिच्या खोडाचा बाहेरचा भाग लांबीच्या दिशेने ओढलेला आणि गाभा दाबलेला असल्यामुळे मधोमध काप घेताच दोन्ही अर्धे एकमेकांपासून बाहेर वाकतात. एकाच बाजूने फळ्या काढत गेल्यास उरलेला सोट धनुष्यासारखा होतो आणि पुढच्या फळ्या एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघतात. यावर उपाय एकच: एक-दोन फळ्यांनंतर ओंडका उलटवून समोरच्या बाजूने कापत जावे, म्हणजे दोन्हीकडचा ताण बरोबरीने सुटतो. वेळ जास्त लागतो, पण लाकूड सरळ राहते.

चिरण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ओंडका एकाच दिशेने फळ्याफळ्यांनी कापत गेले तर काम झटपट होते, फळ्या रुंद निघतात आणि त्यांच्या रुंद बाजूवर ज्वालेसारखी सुंदर नक्षी दिसते. पण त्यांची रुंदी बहुतेक परिघाच्या दिशेने असल्यामुळे त्या जास्त आकसतात. शिवाय अशा फळीची सालीकडची बाजू गाभ्याकडच्या बाजूपेक्षा अधिक आकसते, म्हणून ती सालीच्या बाजूने पन्हळीसारखी खोलगट होते. दुसऱ्या पद्धतीत ओंडक्याचे आधी चार उभे भाग करून प्रत्येक भागातून अशी फळी काढतात, की टोकावरून पाहिले असता वलये फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभी दिसतात. या फळ्या अरुंद निघतात, लाकूड थोडे वाया जाते, मेहनत दुप्पट होते. पण 300 मिलिमीटर रुंदीच्या दारात पाण्याचे प्रमाण 8 टक्क्यांनी वाढले, असे समजून हिशेब केला तर पहिल्या पद्धतीच्या फळ्या मिळून साडेचार मिलिमीटरने फुगतात आणि दुसऱ्या पद्धतीच्या फक्त दोन मिलिमीटरने. साध्या मांडणीला, फडताळाला, छताच्या फळ्यांना पहिली पद्धत पुरेशी आहे. दारे, खिडक्या आणि टेबलाच्या वरच्या फळ्यांसाठी मात्र मी दुसरीचाच आग्रह धरतो. दोन्हींत मधला भेंडाचा, म्हणजे अगदी गाभ्यातला मऊ, भाग वेगळा काढावा. भेंड असलेली फळी आज ना उद्या मधोमध उलते.

बाभूळ चिरताना एक वेगळीच खबरदारी घ्यावी लागते. धुऱ्यावरच्या झाडाला कधीकाळी कुंपणाची तार बांधलेली असते, कुणी बैल बांधायला खिळा ठोकलेला असतो, आणि झाड तो आपल्या पोटात घेऊन वाढत राहते. मागे एका ओंडक्याच्या टोकावर बोटभर लांब निळसर-काळा डाग मला दिसला होता, पण पावसाने लाकूड काळे पडले असावे, असे समजून मी ओंडका चढवला. दोन हात काप गेला, कर्कश आवाज झाला आणि पाते तुटून पडले. बाभळीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी अभिक्रिया झाली की असाच काळा-निळा रंग तयार होतो. तेव्हापासून असा डाग दिसला की ते टोक आधी तोडतो, आणि धुऱ्यावरच्या प्रत्येक ओंडक्याच्या खालच्या चार फुटांवर साल काढून हात फिरवतो.

विदर्भात चिरणे सोपे आहे. वाळवणे अवघड आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत पाण्याची देवघेव करते आणि हवेच्या तापमान व आर्द्रतेनुसार ठराविक प्रमाणावर येऊन स्थिरावते. मे महिन्यात दुपारी 42 अंश तापमान आणि 20 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ते प्रमाण जेमतेम 4 टक्क्यांवर येते. पावसाळ्यात 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेला तेच 17-18 टक्क्यांवर जाते. जाड लाकूड हवेच्या मागे सावकाश चालते, त्यामुळे ते ही दोन्ही टोके गाठत नाही, पण इतक्या मोठ्या फरकाने ते वर्षभर हलत राहते. आमच्या सुरुवातीच्या वर्षी मी एप्रिलमध्ये चिरलेल्या ओल्या सागाच्या फळ्या लवकर वाळाव्यात म्हणून उन्हात पसरल्या होत्या. आठ दिवसांत वरच्या बाजूला केसासारख्या भेगा पडल्या, टोके फाटली. बाहेरचा थर झपाट्याने वाळून आकसला, आतला ओला थर त्याला आकसू देईना, आणि ताण सहन न होऊन पृष्ठभाग तडकला. घरच्या वडीलधाऱ्यांनी तीस वर्षे जपलेल्या झाडाची ती फळी होती, याची खंत मला आजही आहे.

म्हणून आता साग शक्यतो कार्तिक-मार्गशीर्षात चिरतो. तेव्हा पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी पण थंड असते, आणि चैत्रातल्या झळा लागेपर्यंत पोकळीतले पाणी बऱ्याच अंशी निघून गेलेले असते. आंब्याचे लाकूड मात्र इतके थांबत नाही; ओलसर हवेत ओंडका पडून राहिला की त्यात निळसर बुरशी शिरते, त्यामुळे ते तोडताच चिरून हवेशीर रचावे. पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली आले की बुरशीचा धोका टळतो. थप्पी छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंच रचावी. प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर ठेवाव्यात, आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या ओळीत याव्यात, नाहीतर फळ्या पट्ट्यांच्या मध्ये झोकतात. टोकांना चिरल्या दिवशीच मेण किंवा ऑइल पेंट लावावा, कारण उघड्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने निघते. वर दगड ठेवावेत. उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला बारदान टांगावे.

लाकूड किती वाळले, हे हाताने चाचपून कळत नाही; वजनाने कळते. चिरताना एका फळीतून आडवा काप घेऊन मी त्याचे वजन केले, ते 164 ग्रॅम भरले. तो ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवला, तेव्हा 100 ग्रॅम उरले. म्हणजे कोरड्या वजनाच्या 64 टक्के पाणी होते. त्याच फळीचा शेजारचा तुकडा 3,280 ग्रॅमचा होता, म्हणून त्याचे कोरडे वजन 2,000 ग्रॅम धरले आणि 12 टक्के पाण्यासाठी 2,240 ग्रॅम हा आकडा त्याच्या टोकावर पेन्सिलने लिहून ठेवला. दर पंधरा दिवसांनी तो थप्पीतून काढून तराजूवर ठेवतो. वजन त्या आकड्यावर आल्याशिवाय वाढईला फळ्या देत नाही, आणि देताना दार कोणत्या महिन्यात जोडणार, हे विचारून घेतो: मे महिन्यात जोडले जाणार असेल तर चौकटीत फुगण्यापुरती मोकळी जागा सोडायला सांगतो, ऑगस्टमध्ये जोडले जाणार असेल तर नेटके घट्ट बसवायला.