ईव्हार आणि हायब्रिड: स्टेंटच टाकायचाय, मग पोट कशाला उघडतायत?

पोटातल्या महाधमनीला फुगा आलाय, म्हणजे ॲन्युरिझम, असं कळलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, अहो आता जांघेतून स्टेंट टाकतात, दोन-चार दिवसांत घरी. खरंय, पण ते ईव्हार. डॉक्टर 'हायब्रिड', म्हणजे पोट उघडून ऑपरेशन अधिक स्टेंट, म्हणाले असतील तर प्रकरण वेगळंय, आणि स्टेंट ग्राफ्ट दोन्हीकडे असतो म्हणून घोळ होतो.

हा हार्टवाला जाळीचा स्टेंट नव्हे हां. धातूच्या सांगाड्यावर डॅक्रॉनसारखं कापड चढवलेली नळी असते, रक्त नळीतून जातं, फुग्यावरचं प्रेशर उतरतं. १९९० साली ब्युनोस आयर्सला हुआन पारोदींनी पोटातल्या फुग्यासाठी हे करून दाखवलं.

पण नळी वरच्या टोकाला घट्ट बसायला किडनीच्या धमन्यांखाली साधारण १० ते १५ मिलिमीटर धड भिंत लागते, तिला 'नेक' म्हणतात, आणि सगळा खेळ तिथेच आहे. नेक चांगली असेल तर बहुतेक वेळा ईव्हारवर भागतं. फुगा किडनीच्या वर सरकलेला असेल तर वाटेत जठर-लिव्हर, आतडी आणि दोन किडन्या यांच्याकडे जाणाऱ्या चार मोठ्या फांद्या येतात. सोसायटीच्या मेन पाइपात आतून नवा पाइप सरकवला की मधल्या मजल्यांचं पाणी गेलंच ना, तसं. म्हणून हायब्रिडमध्ये सर्जन पोट उघडून आधी कनेक्शनं हलवतात, खालच्या, पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीतून बायपासच्या नळ्या काढून एकेका फांदीला जोडायच्या, फांदीचं जुनं तोंड बांधून टाकायचं, याला डीब्रँचिंग म्हणतात. मग जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, त्याच वेळी नाहीतर काही दिवसांनी.

मग सरळ ओपनच, म्हणजे स्टेंटशिवाय उघडून फुग्याच्या जागी नळी शिवणं, का नाही करत? कारण एवढ्या वरच्या फुग्याला छातीही उघडावी लागू शकते, शिवाय महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा लावून रक्त रोखणं, आणि हार्ट किंवा फुप्फुसं कमजोर असली की ते झेपत नाही. हायब्रिडमध्ये ते दोन्ही बहुतेक टळतं. तरी याला 'छोटं ऑपरेशन' म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं, किडनी, आतडी, मज्जारज्जू, सगळ्यांना धोका असतोच. फांद्यांसाठी भोकं ठेवलेले फेनेस्ट्रेटेड ग्राफ्टही असतात, पण पेशंटच्या मापाचा बनवून यायला काही आठवडे जातात, आणि फुटायला आलेला फुगा तेवढा थांबत नाही.

बाकी नंतरचे सीटी स्कॅन दोन्हीत चुकत नाहीत, नळीच्या बाजूने फुग्यात रक्त झिरपतंय का ते बघायला.