कर्फ्यूची घंटा: दडपशाही की विस्तवाची काळजी?

फिरता दावा असा: 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन (फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या) राजाने, म्हणजे पहिल्या विल्यमने, प्रजेला दाबण्यासाठी रात्री आठची घंटा सुरू केली, तोच पहिला ‘कर्फ्यू’.

आधी शब्दच पाहू. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘विस्तव झाका’ असा होतो. व्युत्पत्ती देणाऱ्या कोणत्याही चांगल्या इंग्रजी कोशात हे सापडेल. घरं लाकडाची, छपरं गवताची. एक ठिणगी आणि गल्ली खाक! म्हणून घंटा झाली की निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी तेच फुंकायचे. आपल्या आज्या चुलीत हेच करत. ही रीत युरोपात इतरत्रही होती.

मग राजाचं काय? 1087 मध्ये तो वारला, तेव्हा अँग्लो-सॅक्सन बखरीने (इंग्लंडच्या जुन्या, वर्षवार लिहिलेल्या इतिहासाने) त्याचे किल्ले, कर, शिकारीचे जाचक कायदे सगळं सुनावलं. घंटेचा तिथे उल्लेखच नाही. बखरीची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात, 1087 ची नोंद वाचून बघा.

तरी गैरसमज हवेतून आला नाही; पुढे कर्फ्यूच्या घंटेला संचारबंदीचीही जोड मिळाली. 1285 च्या लंडनच्या नियमात सेंट मार्टिन्स-ले-ग्रँड या धर्मपीठाची घंटा झाल्यावर तलवार घेऊन रस्त्यावर भटकायला मनाई होती. प्रतिष्ठितांना मात्र सूट.