सिकंदर स्लाव्हिक बोलत नव्हता

सिकंदराचे मॅसेडोनियन लोक स्लाव्ह (रशियन, सर्बियन यांसारख्या भाषा बोलणाऱ्यांपैकी) होते, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो साफ चूक आहे. सिकंदर वारला इ.स.पू. ३२३ मध्ये, स्लाव्ह टोळ्या बाल्कनमध्ये आल्या त्या इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकात.

मग हे लोक बोलत काय? मॅसेडोनियाची जुनी राजधानी पेला इथे १९८६ साली एका थडग्यात शिशाचा पत्रा सापडला, इ.स.पू. चौथ्या शतकातला. दियोनिसोफोनने थेतिमाशी लग्न करू नये म्हणून एका बाईने केलेला शाप त्यावर आहे, डोरिक वळणाच्या ग्रीक बोलीत. दरबारी लेख नव्हे, घरातली तळमळ. म्हणूनच मला हा पुरावा फार वजनदार वाटतो.

मॅसेडोनियन ही ग्रीकची बोली की जवळची बहीण, हा वाद अजून आहे. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याने सिकंदराचा बाप फिलिप याला ग्रीकांबाहेरचा ठरवलं खरं, पण ते कट्टर विरोधकाचं भाषण होतं.