पाडव्याच्या आगेमागे सात दिवस : वसंतातील आरोग्यचर्येची पार्श्वभूमी

गुढीपाडवा जवळ आला की ठाणे आणि नवी मुंबईच्या बाजारांत साखरेच्या गाठींशेजारी कडुनिंबाच्या डहाळ्या विकायला येतात, आणि त्याच सुमारास उपवनच्या काठावर, तलावपाळीला किंवा वाशीच्या खाडीकिनारी सकाळी चालणाऱ्यांत काही नवे चेहरे दिसू लागतात. जानेवारीत केलेला आणि महिनाभरात मोडलेला संकल्प मराठी वर्षाच्या पहिल्या दिवशी पुन्हा केला जातो, असे म्हणायला हरकत नाही. ज्या जुन्या परंपरेचा आधार या संकल्पाला दिला जातो, तिच्यात मात्र एका दिवसात पालटण्याला जागा नव्हती.

साधारणतः सातव्या शतकातला मानला जाणारा वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ सूत्रस्थान या पहिल्या विभागाच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्या, म्हणजे ऋतूनुसार आहारविहार, सांगतो. त्यातील विचार असा, की शिशिरात शरीरात साचलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होतो, जठराग्नी मंदावतो आणि त्यातून विकार उद्भवतात. म्हणून या ऋतूत वमन (औषधाने उलटी करवणे) आणि नस्य (नाकात औषध सोडणे), जुने जव आणि गहू, मध, व्यायाम, अंगाला कोरडे उटणे हे विहित मानले आहे, तर जड, स्निग्ध, आंबट आणि गोड पदार्थ तसेच दिवसाची झोप वर्ज्य आहे. यातील वमनाची परंपरा आजही टिकून असून वैद्यांकडे ‘वासंतिक वमन’ म्हणून ते केले जाते. वैद्याच्या देखरेखीशिवाय घरी करून पाहण्याचा तो प्रकार नव्हे. पूर्वी घरोघरी मुलांना पाजल्या जाणाऱ्या एरंडेलामागे पोट साफ करण्याचीच घरगुती समजूत होती, आणि ती चव एकदा अनुभवलेला माणूस ती विसरत नाही.

याच अध्यायाच्या शेवटी, फारशी न उद्धृत होणारी, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सूचना येते. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. या काळात जुना विधी क्रमाने सोडावा आणि नवा क्रमाने धरावा, कारण एकाएकी सोडण्याने किंवा एकाएकी धरण्याने रोग होतात, असे वाग्भट बजावतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हा क्रम आणखी नेमका आहे : अपथ्य सवय चतुर्थांशाने कमी करावी आणि पथ्याची सवय तितक्याच मापाने वाढवावी. चैत्र आणि वैशाख हा वसंत धरला, तर महाराष्ट्रातील अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपवणाऱ्या, गणनेनुसार फाल्गुनाचा शेवटचा आणि चैत्राचा पहिला आठवडा हा ऋतुसंधी ठरतो, म्हणजे पाडवा त्याच्या बरोबर मध्यावर येतो. त्या दिवशी नवी सवय निम्मी अंगवळणी पडलेली असावी, अशी अपेक्षा या हिशेबातून निघते. आपण मात्र त्या दिवशी सुरुवात करतो.

पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला किंवा फुलोरा गूळ, चिंच, हिंग, जिरे, ओवा, मिरे आणि मीठ यांच्यासह वाटून खाण्याची प्रथा कफ वाढू नये म्हणून कडू-तिखट खाण्याच्या विचाराशी जुळते. कडुनिंबाचे महत्त्व मात्र केवळ ग्रंथांतून आलेले नाही. देवी या रोगाची साथ भारतात प्रामुख्याने वसंत-उन्हाळ्यात जोर धरत असे, आणि रोग्याच्या अंथरुणाभोवती कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत घरोघरी होती. देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त घोषित झाला. भीती गेली, चटणी राहिली, तीही बहुतेक घरांत चमचाभर.

व्यायाम हा या परंपरेचा दुसरा धागा. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा नेटाने प्रसार केला, तर स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेत नेले. ठाण्यात पुढे योगवर्गांची जी सवय रुजली, तिच्यामागे ही पार्श्वभूमी आहे. जिल्ह्यातील डोंबिवलीत १९९९ पासून पाडव्याची स्वागतयात्रा निघू लागली, ठाण्यातही कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून ती निघते, आणि घरातला सण रस्त्यावर आला. जागतिक आरोग्य संघटना ७ एप्रिल १९४८ रोजी अस्तित्वात आली आणि १९५० पासून तो दिवस जागतिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. हा योगही चैत्राच्या आसपासच पडतो.

प्रश्न उरतो तो कोकणपट्टीच्या हवेचा. सुश्रुतसंहितेत वात, पित्त, कफ या दोषांच्या संदर्भात ऋतूंची वेगळी मांडणी आहे, तीत वसंत फाल्गुन-चैत्रात आणि ग्रीष्म वैशाख-ज्येष्ठात येतो. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणणाऱ्या आपल्या भागाला ही मांडणी अधिक लागू पडते, आणि तिच्यानुसार ऋतुसंधी माघाच्या शेवटी, महाशिवरात्रीच्या आगेमागे येतो. हा फरक केवळ पंचांगापुरता नाही, कारण वाग्भट वसंतात व्यायाम सांगतो आणि ग्रीष्मात व्यायाम व ऊन दोन्ही टाळायला सांगतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने अनेकांचे प्राण गेले, तेव्हा पंचांगात चैत्रच चालू होता. पाडव्याला धावण्याचा जोरदार आरंभ करणारा माणूस, येथील हवेच्या हिशेबाने, व्यायाम वाढवण्याचा काळ संपत आल्यावर उभा राहतो. त्याने पहाटेची वेळ आणि कमी अंतर धरलेले बरे.

चैत्र हा वसंत की उन्हाळा, याचा निर्णय स्वयंपाकघराने फार पूर्वी घेतला असावा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दिली जाणारी कैरीची डाळ आणि गोड-आंबट पन्हे वाग्भटाच्या वसंतात बसत नाहीत. गार पानके, म्हणजे सरबते, त्याने ग्रीष्मासाठी सांगितली आहेत. घामाने निथळणाऱ्या पाहुणीच्या हातात पन्ह्याचा पेला देणाऱ्या घरांनी चैत्रातच उन्हाळा धरला आहे.