मागणीनुसार छपाई (गोमंतकीय मराठी लेखकाच्या संदर्भात)

मागणीनुसार छपाई : वाचकाने प्रत मागितल्यावरच ती छापून, बांधून पाठवण्याची पद्धत. बोलताना सगळे ‘प्रिंट ऑन डिमांड’च म्हणतात. पुस्तकाची पीडीएफ संगणकात तयार असते. एक प्रत मागितली तर एक निघते, चाळीस मागितल्या तर चाळीस. अमेरिकेतील इन्ग्रॅम या ग्रंथवितरक समूहाने १९९७ मध्ये हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर सुरू केला. भारतात बंगळुरूची पोथी डॉट कॉम, चेन्नईची नोशन प्रेस अशा कंपन्या ही सेवा देतात. पेडण्यातल्या किंवा सत्तरीतल्या लेखकाला त्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही.

ऑफसेट, म्हणजे पानांच्या धातूच्या प्लेटा करून एकगठ्ठा छापण्याच्या नेहमीच्या पद्धतीत खरा खर्च पहिली प्रत निघण्याआधीच होऊन जातो. प्लेटा कराव्या लागतात, मशीन लावावे लागते, रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. पुढे प्रती वाढतील तसा प्रत्येकीवरचा भार उतरतो. मागणीनुसार छपाई होते ती डिजिटल मशीनवर, संगणकातल्या फाइलीवरून थेट. तिथे प्लेटच नसते. म्हणून पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास सारख्याच भावात पडते. समजा, ऑफसेटचा सुरुवातीचा खर्च २५,००० रुपये आणि पुढे दर प्रतीला ४० रुपये, तर डिजिटलला दर प्रतीला १३० रुपये. अशा हिशेबात २७७ प्रतींपर्यंत डिजिटल स्वस्त, त्यापुढे ऑफसेट. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रत्येक नव्या लेखकाने आपल्या पुस्तकाचे खरे दर घेऊन ही वजाबाकी एकदा करावी. नातेवाईक आणि मित्र सोडून किती जण पुस्तक विकत घेतील, याचे उत्तर तिथेच द्यावे लागते.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे घरात गठ्ठे साठत नाहीत. गोव्याच्या पावसाळ्यात तो लहान नव्हे. चार महिन्यांच्या दमट हवेत पलंगाखालच्या प्रतींना बुरशी येते, पाने फुगतात, आणि वाळवी लागली तर आवृत्ती न विकताच संपते. शिवाय छापून आलेली चूक पुढच्या प्रतीत दुरुस्त करता येते आणि पुस्तक ‘उपलब्ध नाही’ असे कधी होत नाही. पुण्यात किंवा दुबईत राहणारा गोमंतकीय वाचक संकेतस्थळावरून प्रत मागवू शकतो.

पण गोव्यात मराठी पुस्तक बरेचसे हातोहात खपते: प्रकाशन सोहळ्यात, संमेलनाच्या मंडपात, ओळखीपाळखीत. सोहळ्याच्या दिवशी टेबलावर शंभर प्रती हव्यातच, आणि त्यांतल्या निम्म्या भेट म्हणून जातात हे कुणी उघड बोलत नाही. भेटीची प्रत १३० रुपयांना पडत असेल, तर गठ्ठा टाळून वाचवलेले पैसे तिथेच खर्च होतात. दुकानाचा मार्गही अवघड. वरच्याच उदाहरणात किंमत २५० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिली, तर हाती १५० येतात. छपाई वजा जाता उरतात २०. किंमत वाढवावी, तर नव्या नावासाठी वाचक खिशात हात घालत नाही. शिवाय न खपलेल्या प्रती परत घ्यायला ही व्यवस्था सहसा तयार नसते, म्हणून दुकानदारही मागणी नोंदवायला कचरतो.

देवनागरीची अडचण स्वतंत्र आहे, आणि गोव्यात तिचा इतिहास जुना आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, तेव्हा तिथे नव्हते. जोडाक्षरांसकट त्यांचे साचे करायचे तर ते शेकडोंच्या घरात जातात. आज खिळे गेले, जोडाक्षरांची डोकेदुखी राहिली. संगणकावरच्या पानजुळणीच्या (डीटीपी) जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत आणताना रफार सरकतो, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. पीडीएफमध्ये फाँट समाविष्ट केलेला नसेल तर छपाईत चौकोन उमटतात. जाणत्या छापखान्यात अशी चूक कुणाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता असते. मागणीनुसार छपाईत फाइल थेट मशीनवर जाते. म्हणून मुद्रितशोधकाचे पैसे वाचवू नयेत आणि एक नमुना प्रत हातात घेतल्याशिवाय संमती देऊ नये.

संपादन, मांडणी, मुखपृष्ठ आणि जाहिरात यांची ‘पॅकेज’ विकून काही कंपन्या छपाईपेक्षा त्यातच कमावतात. करार वाचताना हक्क कुणाकडे राहतात आणि तयार फाइल परत मिळते का, ही दोन कलमे आधी शोधावीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, लेखक स्वतःच्या नावेही तो घेऊ शकतो. कंपनीचा क्रमांक वापरला तर प्रकाशक म्हणून तिचीच नोंद होते. स्वतः प्रकाशक झाल्यास १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यातील अन्य ग्रंथालयांना प्रती पाठवणे आले.

दोन्ही पद्धती एकत्र वापरता येतात: आधी शंभरेक प्रती डिजिटलवर काढून सोहळा उरकावा, मागणी दिसली तर पाचशेंची आवृत्ती ऑफसेटवर घ्यावी, आणि ती संपल्यावर पुस्तक पुन्हा मागणीनुसार छपाईवर ठेवावे. पहिल्या कवितासंग्रहाला बहुधा दुसरी पायरी लागत नाही. गावाचा इतिहास, देवस्थानाची माहिती किंवा शाळेत लागणारे पुस्तक असेल, तर मात्र पहिल्यापासूनच ऑफसेटचा भाव काढलेला बरा.