उताराची वीज घेणार कोण?

कोकणातून देशावर जायचं तर घाट चुकत नाही. बोर, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली. पाचशे-सहाशे मीटर, कुठे त्याच्या दुप्पट चढायचं आणि परतताना तेवढंच उतरायचं. चढताना जाळलेलं डिझेल उतरताना टाकीत परत येत नाही. येतो तो तापलेल्या ब्रेक-लायनरचा वास.

हा वास किती विजेचा, याचा हिशोब सोपा आहे. दीड टनाची गाडी आंबोलीहून सावंतवाडीकडे साधारण सहाशे मीटर खाली येते असं धरलं, तर उंचीच्या रूपानं तिच्यात साठलेली ऊर्जा भरते सुमारे अडीच युनिट. यातली थोडी वारा आणि टायर खातात, उरलेली इंजिनाच्या आणि ब्रेकच्या वाट्याला येते. अडीच युनिट ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्या उष्णतेत अंघोळीच्या बंबातलं तीस लिटर पाणी उकळतं. चढताना ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, असं जुने ड्रायव्हर नवख्याला बजावतात ते याचसाठी. उष्णतेचा वाटा इंजिनानं उचलला तर ब्रेक शाबूत राहतात.

विजेच्या गाड्या आल्यापासून ‘रीजन’ (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे ब्रेक लावताना वीज परत मिळवणं) हा शब्द गावोगावच्या शोरूममध्ये ऐकू येतो, आणि तो कालपरवा लागलेला शोध असावा अशा थाटात सांगितला जातो. कल्पना सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि कोकणात ती मोटारीतून नव्हे, रेल्वेनं आली. मोटर फिरवली की चाक फिरतं आणि चाकानं मोटर फिरवली की वीज तयार होते, हे इंजिनिअरांना पहिल्यापासून ठाऊक होतं. घोडं अडलं ते दुसरीकडेच. उतारावर तयार झालेली वीज त्या क्षणी घेणार कोण? ब्रेक लावला की वीज तत्क्षणी येते, तिला थांबायला सांगता येत नाही. गिऱ्हाईक नसेल तर ब्रेकही लागत नाही. माझ्या मते या तंत्राचा सगळा इतिहास म्हणजे या गिऱ्हाइकाचा शोध आहे.

1890 च्या दशकात पॅरिसमध्ये लुई क्रीगर यानं घोडागाड्यांना पुढच्या चाकांत विजेच्या मोटरी बसवल्या आणि त्यांत ब्रेकिंगसाठी वेगळं वेटोळं दिलं, म्हणजे गाडी थांबताना बॅटरीत वीज परत जाई. बॅटरी शिशाची, जड आणि करंट गिळायला मंद. इंग्लंडमध्ये जॉन रावर्थ यानं 1903 पासून ट्रामगाड्यांवर हीच युक्ती चालवली. तिथे वीज वरच्या तारेत परत जायची. जवळपास दुसरी ट्राम ती ओढत असेल तर ठीक, नसेल तर तारेतला व्होल्टेज चढायचा. 1911 मध्ये रॉटनस्टॉल या गावी ट्रामला गंभीर अपघात झाला, त्यानंतर बोर्ड ऑफ ट्रेड या ब्रिटिश सरकारी खात्यानं या पद्धतीवर बंदी घातली आणि पुढची वीसेक वर्षं ब्रिटिश ट्राममध्ये तिचं नाव निघालं नाही.

मोटरीचाही अडथळा होताच. तेव्हाच्या ट्राम-रेल्वेत सिरीज मोटर असे. जागेवरून ओझं ओढण्यात ती जबरदस्त, पण तिचं चुंबकीय क्षेत्र तिच्याच करंटवर पोसलेलं, त्यामुळे तिला सुरळीत जनित्र बनवणं अवघड. त्याउलट इटलीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तरेकडच्या डोंगरी मार्गांवर थ्री-फेज इंडक्शन मोटरी घातल्या. उतारावर गाडीनं ठरावीक वेग ओलांडला की ही मोटर आपोआप वीज परत देते, ड्रायव्हरला वेगळं काही करावं लागत नाही. फक्त वर दोन-दोन तारा ओढाव्या लागत आणि वेग मोजकेच दोन-तीन मिळत, म्हणून ही पद्धत बाकी जगानं उचलली नाही.

आता आपल्या घाटाकडे. बोर घाटातून 1863 मध्ये रेल्वे सुरू झाली. कर्जतच्या बाजूनं खंडाळ्यापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, काही ठिकाणी 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. थळ (कसारा) घाटातही तोच 37 ला 1. अशा उतारावर वाफेच्या इंजिनामागची गाडी सांभाळायची तर भरवसा चाकांवर दाबल्या जाणाऱ्या लोखंडी ब्लॉकचा. ते तापत, चाकांवरचे पोलादी टायर तापत, आणि तापून सैल होण्याची भीती असे. म्हणून घाटात कॅच सायडिंग बांधले: मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा रुळांचा आंधळा फाटा. रूळ नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले. उतरणाऱ्या गाडीनं आधी थांबून दाखवायचं, मगच तिला मुख्य मार्ग मिळणार. सुटलेली गाडी फाट्यावर चढून आपोआप थकावी, हा हेतू. बोर घाटातल्या मंकी हिलला उतरणारी एक्स्प्रेस विनाकारण थांबली म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशाला हे सांगावं. ती कोणाला उतरवायला थांबत नाही, ब्रेक लागतात हे सिद्ध करायला थांबते.

विजेची रेल्वे मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. 1929 पर्यंत ती बोर घाट चढून पुण्याला पोचली, आणि 1930 मध्ये इगतपुरीला. त्याच सुमारास खंडाळ्याजवळचं गाडीची दिशा उलटवणारं जुनं रिव्हर्सिंग स्टेशनही नवा मार्ग काढून टाळलं गेलं. मालगाड्यांसाठी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं जी 41 इंजिनं आणली त्यांतली काही स्वित्झर्लंडमध्ये आणि बरीच इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली. मधे उंच केबिन, पुढे-मागे लांबट नाकं, चाकांना बाहेरून जोडलेले दांडे, सांध्यांवर वळणारा सगळा देह. युरोपात तशा इंजिनाला मगर म्हणत, आपल्याकडे रेल्वेवाल्यांनी त्याचा खेकडा केला. या खेकड्यात रीजनरेटिव्ह ब्रेक होता. सिरीज मोटरींचं चुंबकीय क्षेत्र उतारावर वेगळ्या यंत्राकडून पोसायचं, म्हणजे मोटर शहाण्यासारखी जनित्र होते आणि तारेत 1500 व्होल्टची डीसी वीज परत ढकलते.

ढकललेली वीज किती असेल? हजार टनांची गाडी साडेपाचशे मीटर उतरली तर हिशोबानं दीड हजार युनिट होतात. त्यातली निम्मी जरी तारेत आली तरी समोरून चढणाऱ्या गाडीला तो मोठाच टेकू. पण समोरून गाडी चढत असायला हवी ना! डीसी मार्गाचं हे जुनं दुखणं. एसीची डीसी करणारी जुनी फिरती कन्व्हर्टर यंत्रं उलटीही चालू शकत, म्हणजे जादा वीज पॉवर हाउसकडे परत जाऊ शके. पुढे डीसी रेल्वेत हेच काम न फिरता करणारे रेक्टिफायर सर्रास आले, आणि साधा रेक्टिफायर म्हणजे एकेरी रस्ता. त्या सेक्शनमध्ये गिऱ्हाईक नाही मिळालं की रीजन संपलं, मग एअर ब्रेक आणि तापलेले ब्लॉक. घाटात मात्र रहदारी दाट. एक गाडी कर्जतला मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून चढत असते तेव्हा दुसरी बहुधा उतरत असते, त्यामुळे बोर घाट या तंत्राला मानवला. खेकडे साठेक वर्षं राबले. त्यांच्यानंतर चित्तरंजनला बांधलेली डब्ल्यूसीजी-2 इंजिनं आली, त्यांतही हा ब्रेक ठेवला गेला.

जीआयपीनं या सगळ्यासाठी ठाकुर्लीला खाडीकाठी स्वतःचं चोळा पॉवर हाउस बांधलं, कोळशावर चालणारं. त्याच काळात टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवून खाली कोकणात खोपोली (1915), भिवपुरी (1922) आणि भिरा (1927) इथे जलविद्युत केंद्रं उभी केली. पुढे पोफळीला कोयनेचं पाणी आलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाणी उतरून वीज देत होतं आणि शेजारच्या घाटात गाडी उतरून वीज देत होती. शाळेत आम्हाला पहिलं शिकवलं, दुसऱ्याचं कोणी नावही काढलं नाही.

1990 च्या दशकात भारतीय रेल्वेनं थ्री-फेज इंजिनांचं तंत्र परदेशातून घेतलं. म्हणजे इटलीवाल्यांची इंडक्शन मोटरच परत आली, पण आता इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर तिला हवा तो वेग देऊ शकत होता. मुंबईच्या लोकलमध्ये हे 2007 मध्ये मुंबई रेल विकास कॉर्पोरेशनच्या सीमेन्स यंत्रणेच्या गाड्यांमधून आलं. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणारी, चार-पाच हजार माणसं भरलेली लोकल म्हणजे सपाटीवरचा घाटच. सुमारे तीस ते पस्तीस टक्के वीज परत मिळते असं रेल्वे सांगते. पाठोपाठ मुंबईचे डीसी मार्ग 25 हजार व्होल्ट एसीवर गेले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हे काम 2015 मध्ये पुरं झालं, हार्बरवर 2016 मध्ये. एसीचा ट्रान्सफॉर्मर दुतर्फा चालतो. समोर गाडी असो वा नसो, घेणारं अख्खं ग्रीड, म्हणजे विजेचं सगळं जाळं, आहे. गिऱ्हाइकाचा प्रश्न रेल्वेपुरता मिटला.

कोकण रेल्वेची कथा थोडी वेगळी. 1998 च्या 26 जानेवारीला सबंध मार्ग सुरू झाला तेव्हा तो डिझेलचा होता, आणि आखणी अशी की 150 ला 1 यापेक्षा तीव्र चढ नको. नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल खर्ची घालून तिनं उंचीच गमावली नाही. माझ्या मते ऊर्जा वाचवायचा हाच खरा मार्ग. परत मिळवण्यात दर फेरीला घट येते, न गमावण्यात येत नाही. डिझेल इंजिनांतही उतारावर मोटरींचं जनित्र होत असे, डायनॅमिक ब्रेक म्हणतात तो हाच. पण वीज घेणारं कोणी नाही, म्हणून ती छतावरच्या रेझिस्टरमध्ये जाळून पंख्यानं बाहेर फुंकायची. चोवीस वर्षं ती गरम हवा रत्नागिरी-कणकवलीच्या रानात गेली. मार्च 2022 मध्ये रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर असं विद्युतीकरण पुरं झालं आणि इथली वीजही तारेत परत जाऊ लागली.

रस्त्यावरच्या गाडीला तार नाही. तिला गिऱ्हाईक बरोबर घेऊन फिरावं लागतं. स्विस ओर्लिकॉन कंपनीनं 1953 मध्ये इव्हर्डाँ गावात बसच्या पोटात दीड टनाचं चक्र फिरवून त्यात ऊर्जा साठवली, ती बस 1960 पर्यंत चालली. 1967 मध्ये अमेरिकन मोटर्सनं अ‍ॅमिट्रॉन या प्रायोगिक गाडीत रीजन दाखवलं. 2001 मध्ये बंगळुरूची रेवा आली, तिच्यातही होतं, पण बॅटऱ्या शिशाच्याच. क्रीगरला अडलेली गोष्ट तिलाही अडली. निर्णायक पाऊल टोयोटाच्या प्रियसनं 1997 मध्ये टाकलं: निकेलची बॅटरी, भराभर घेणारी आणि भराभर देणारी, आणि ब्रेकचं पेडल दाबलं की आधी मोटर, मग घासणारे डिस्क ब्रेक, असं दोन्ही ब्रेकांचं गणित गाडी स्वतः जुळवते. पुढे लिथियम आली. आपल्या रस्त्यांवर हे 2020 च्या नेक्सॉन ईव्हीपासून सर्रास दिसू लागलं. रीजन किती जोराचं हवं ते पायरी-पायरीनं निवडायची सोय तिच्या 2022 च्या मॅक्स या आवृत्तीत आली.

घाटात याचा अर्थ काय? अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी खालच्या गिअरात टाकल्यासारखी धरते, आणि डॅशबोर्डवरची पट्टी उलट बाजूला हिरवी होते. आंबोलीच्या अडीच युनिटांतलं एखादं युनिट हाती लागतं, म्हणजे सपाटीवरचे सात-आठ किलोमीटर. “उतारावर बॅटरी भरते” असं सांगणाऱ्या सेल्समनला चढणीचा हिशोब विचारावा.

बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती घेत नाही, आणि इथे ट्रामचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी शंभर टक्क्यांवर आंबेनळी उतरायला घेतला, तर पहिल्या वळणांना रीजन जवळपास नसतंच आणि सगळा भार डिस्कवर येतो. पोलादपूरपर्यंत बाराशेहून जास्त मीटर उतार, पाच युनिटांचा. वरून निघताना ऐंशी-नव्वद टक्के पुरे. पावसाळ्यात दुसरी सावधगिरी: रीजन फक्त मोटर लावलेल्या चाकांवर लागतं, त्यामुळे शेवाळलेल्या ओल्या वळणावर ते सर्वांत जोराच्या पायरीवर ठेवू नये. स्कूटरला मोटर मागच्या चाकाला, आणि ब्रेक लावताना वजन पुढे जातं, म्हणून तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

किनाऱ्यावरच्या गाडीला आणखी एक गोष्ट लागू होते. मोटरच ब्रेक मारत असल्यानं डिस्क घासली जात नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत न घासलेल्या डिस्कवर गंज धरतो, पॅड अडकतात, आणि खरोखर जोरात दाबायची वेळ येते तेव्हा पकड कमी मिळते. फोक्सवॅगननं आयडी.3 च्या मागच्या चाकांना डिस्कऐवजी जुन्या पद्धतीचे ड्रम दिले त्यामागे हे एक कारण आहे, ड्रम बंदिस्त असतो. डिस्कवाल्यांनी मोकळ्या रस्त्यावर रीजन शून्यावर आणून अधूनमधून पेडलनं दणकून ब्रेक मारावेत आणि सर्व्हिसिंगला पॅड धरणारे कॅलिपर उघडून साफ करून घ्यावेत. पॅड झिजलेले नाहीत म्हणून ते ठीक आहेत, असं इथे धरून चालत नाही.