अमली पदार्थांचा धडा पुस्तकात कसा आला

हिप्पी गोव्यातल्या कळंगुट-हणजूणला आले ते साठच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा इथली मुले पुणे बोर्डाची एसएससी देत. गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ १९७५चे. अमली पदार्थांवर बंदी घालणारा एनडीपीएस कायदा तर त्यानंतर दहा वर्षांनी, १९८५ला आला. त्या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पाने त्यातून वगळलेली आहेत, म्हणून काही राज्यांत भांग आजही राजरोस विकली जाते. वर्गात हा फरक समजावून सांगायचा म्हणजे शिक्षकाची परीक्षाच!

आज गोव्यातही विज्ञान शाखेला चालणारे एनसीईआरटीचे बारावीचे जीवशास्त्र घ्या. आरोग्य आणि रोगांच्या प्रकरणात मलेरिया, कर्करोग, एड्स यांच्या पंगतीला हा विषय बसवलेला आहे. अफू, गांजा आणि कोका या तीन झाडांपासूनचे तीन गट, त्यांची शास्त्रीय नावे, रेणूंच्या आकृत्या. हेरॉइन पांढरे, गंधहीन आणि कडू. दारू-तंबाखूही तिथेच येतात, पण हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या हंगामात ज्याच्या घरामागे ती गाळायची भाटी पेटते, त्या मुलाला आपले घर त्या पानांत सापडत नाही. 'मित्राने दिली तर काय करायचे' याचे उत्तर शेवटच्या काही मुद्द्यांत उरकले आहे.

ते उत्तर नीट मांडायचा प्रयत्न झाला २००५च्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमात. त्यात वयात येणे, एचआयव्ही आणि व्यसने एकत्र होती. मग २००७मध्ये लैंगिक शिक्षणावरून गदारोळ उठला, महाराष्ट्रासह काही राज्यांनी कार्यक्रमच थांबवला, आणि भांडण ज्याच्याशी नव्हते तो व्यसनांचा भागही त्यात अडकला.

डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलन या बालहक्क संघटनेच्या याचिकेवर केंद्राला सांगितले, की हा विषय अभ्यासक्रमात आणा आणि व्यसनांची देशभर पाहणी करा. पुढे आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात अकरा विषय ठरले, त्यांत व्यसन-प्रतिबंध एक. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक त्यासाठी तयार करायचे. माझ्या मते योग्य वाट हीच, फक्त या तासाला गुण नाहीत, आणि गुण नसलेला तास पोर्शन पुरा करायला कसा जातो ते पालकांना ठाऊक आहे.

पाहणीचा अहवाल २०१९ला आला. त्यात थिनर, व्हाइटनर, गोंद हुंगण्याचे प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. पुस्तकातल्या मुख्य तीन गटांत हे बसत नाही. आणि व्हाइटनर तर दप्तरातच असतो.